आरशापुढचा पारा

मुंबई-अहमदाबाद हायवेवर चिंचोटी फाट्याला उतरून कामण-भिवंडीच्या रस्त्याला लागलं की दुकानांची एक ओळ लागते. मोबाइल रिचार्ज, हार्डवेअर, वडापाव, टायर पंक्चर, आणि मध्येच गुलाबी पडदा लावलेलं एक पार्लर. रस्त्यावरून कंटेनर गेला की सगळ्या दुकानांवर धुळीचा एक थर चढतो. त्या पार्लरमध्ये ती राहते.

शोकेसमध्ये नाही. शोकेसमध्ये टीव्हीवर दिसणाऱ्या, नाव-गाव असलेल्या ट्यूबा उभ्या असतात. ती असते ड्रॉवरमध्ये, थ्रेडिंगच्या रिळांच्या खाली, मेंदीच्या कोनांच्या शेजारी. पांढऱ्या प्लॅस्टिकची, लिंबाएवढी डबी. फिरकीचं झाकण. आत फिकट पिवळसर, लोण्यासारखं मऊ काहीतरी. अंगावर नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. कधीकधी तिची एखादी बहीण चकचकीत खोक्यातून येते. त्या खोक्यावर परदेशी लिपीतली अक्षरं आणि एका बाईचा चेहरा असतो, पण कारखान्याचा ठावठिकाणा तिथेही नसतो.

आमच्या वसई-नायगाव पट्ट्यात भाड्याची खोली घ्यायची तर आधार कार्ड लागतं, फोटो लागतो, ॲग्रीमेंट लागतं, पोलीस ठाण्यात कागद द्यावा लागतो. ही डबी मात्र एकही कागद न दाखवता थेट उशीपर्यंत जाते.

तिची आणि माझी ओळख झाली ती एका लग्नाच्या घाईत. कामणकडच्या एका गाळ्यात प्लॅस्टिकचा माल पॅक करणारी एक मुलगी खुर्चीत बसली होती. तोंडाला बांधलेली ओढणी सोडली तेव्हा कपाळावर धुळीची रेघ उमटलेली होती. पार्लरवाल्या ताईने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, “लग्नाला किती दिवस राहिले?”

“तीन महिने.”

“मग फेशियलने नाही भागायचं. हे घेऊन जा. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. उन्हात लावून जायचं नाही. महिन्यात फरक.”

“साइड इफेक्ट?”

“अगं, आयुर्वेदिक आहे. मी स्वतः लावते.”

ताई खरंच लावत होती. तिचा चेहरा उजळ होता आणि मान, हात वेगळ्या रंगाचे होते. ती बाई लबाड नाही, हे आधीच सांगून टाकते. होलसेलवाल्याने तिला जे सांगितलं तेच ती गिऱ्हाइकाला सांगते. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजतात, असंही ती बोलता बोलता म्हणाली. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

“फरक” हा डबीचा आवडता शब्द. गोरेपणा असं ती कधी म्हणत नाही, तो शब्द जुना झाला. ती म्हणते फरक, ग्लो, रंग खुलणं. आणि तिचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ती खोटं बोलत नाही. थापा मारणारं क्रीम लोक दुसऱ्या महिन्यात फेकून देतात. ही शब्दाला जागते. तिसऱ्या आठवड्यात आरशात फरक दिसतो. शेजारीण विचारते, “काय गं, काय लावतेस?” ते ऐकलं की डबीचं त्या घरातलं बस्तान बसतं.

तिचं घराणं पाहायला गेलं तर बरंच जुनं आणि प्रतिष्ठित आहे. आपल्या आज्यांच्या काळी “स्नो-पावडर” हा एकच शब्द होता. त्यातला अफगाण स्नो १९१९ साली मुंबईतच ई. एस. पाटणवालांनी काढला. मग १९७५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरची फेअर अँड लव्हली आली आणि गोरेपण ट्यूबमधून पिळता येतं, हे खेड्यापाड्यांत पोचलं. २०२० मध्ये त्या ट्यूबने नावातला “फेअर” काढून “ग्लो” लावला. नाव असलेल्या या मंडळींवर निदान कुणाची नजर असते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये बाजारातली ३२ फेअरनेस क्रीमं प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा १४ मध्ये पारा सापडला. तो ०.१० ते १.९७ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत जास्तीत जास्त दोन भाग. त्यावरही गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता. आमची ड्रॉवरमधली डबी या घराण्याची गरीब, बिनआडनावाची नातेवाईक. तिच्यात पारा दोन भाग नसतो. तो हजारांत असू शकतो.

हे अकोल्याने दाखवून दिलं. तिथली बायोटेक्नॉलॉजी शिकणारी विशीतली एक मुलगी स्थानिक ब्युटिशियनकडून क्रीम घेऊन लावू लागली. चेहरा उजळला, लोक वाखाणू लागले. मग तेच क्रीम आईने लावलं, बहिणीनेही लावलं. एक डबी, तीन चेहरे. २०२२ च्या सुरुवातीला तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं दिसून आलं. एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं एकाच वेळी का बिघडावीत? घरातल्या कुणालाच आधी असा आजार नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी हा प्रश्न धरून ठेवला. तिथले तेव्हाचे विभागप्रमुख डॉ. तुकाराम जमाले आणि सहकाऱ्यांनी घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंचा माग काढला. मेकअपचं सामान परळलाच केईएमच्या आयुर्वेद प्रयोगशाळेत तपासलं गेलं. क्रीममध्ये पारा निघाला, एक पीपीएमची मर्यादा असताना हजारांच्या घरात. मुलीच्या रक्तातलं पाऱ्याचं प्रमाण सातच्या आत हवं होतं, ते ४६ निघालं. २०२३ मध्ये ही बातमी महाराष्ट्रभर वाचली गेली.

पाऱ्याशी मराठी माणसाची जुनी ओळख आहे. आपला पारा चढतो, उतरतो. थर्मामीटर फुटला की फरशीवर पळणाऱ्या त्याच्या गोळ्यांमागे आपण लहानपणी धावलो. आणि घरातला जुना आरसा डागाळला की आजी म्हणायची, “पारा उडाला त्याचा.” पूर्वी आरशाच्या काचेमागे खरोखरच कथिल आणि पारा लावत. पुढे त्या जागी चांदी आली तरी बोलण्यात पारा राहिला. काचेच्या मागे राहून माणसाला त्याचा चेहरा आहे तसा दाखवायचा, हे पाऱ्याचं घरातलं काम. डबीने त्याला आरशाच्या मागून काढून पुढे, चेहऱ्यावरच आणून बसवलं.

तिथे तो काय करतो? कातडीला रंग देणारं मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एक विकर लागतं, आणि त्या विकराला काम करायला तांबं लागतं. पारा तांब्याची जागा बळकावतो. विकर अडतं, नवा रंग तयार होत नाही, जुनी कातडी झडत जाते आणि खालून उजळ थर दिसतो. फरक पडला! मग चेहऱ्याचं काम संपलं म्हणून पारा थांबत नाही. कातडीतून तो रक्तात उतरतो, वाफेने श्वासात जातो, आणि सर्वांत जास्त साठतो मूत्रपिंडात.

मूत्रपिंड म्हणजे लाखो बारीक गाळण्या. रक्तातली घाण बाहेर टाकायची आणि प्रथिनं आत राखायची, एवढंच त्यांचं व्रत. पाऱ्यामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा गोंधळते आणि या गाळण्यांच्याच पडद्यावर चालून जाते. पडद्याला भोकं पडली की प्रथिनं लघवीवाटे वाहू लागतात. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात, लघवीला साबणासारखा फेस येतो. दुखत काहीच नाही. त्यामुळे सूज झोपेवर ढकलली जाते, उभं राहण्यावर ढकलली जाते. वजन वाढलं म्हणून भात बंद होतो, आणि डबी चालूच राहते.

अकोल्याच्या घरापुरतं हे नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल नावाचं गाव आहे, आयुर्वेदाची पंढरीच ती. तिथल्या ॲस्टर मिम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात गाळणीचा पडदा जाड होणाऱ्या आजाराचे, मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे, २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत नेल-१ नावाच्या प्रथिनाशी जोडलेला दुर्मीळ प्रकार सापडला. दुर्मीळ आजार एकाच रुग्णालयात इतक्यांना कसा, म्हणून विचारपूस केली तर १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. हा अभ्यास २०२४ मध्ये मूत्रपिंडविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. आणि डॉक्टरांना हे अगदी नवं होतं असंही नाही. नैरोबीत १९७२ सालीच अशा साठ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जण पाऱ्याचं क्रीम लावणारे निघाले होते. पन्नास वर्षं झाली. डबीने फक्त देश बदलले.

तिच्या काही सवयी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. तिला उजेड सोसत नाही. पाऱ्याची काही क्रीमं उघड्यावर राहिली तर राखाडी पडतात, म्हणजे दुसऱ्याला गोरं करणारी स्वतः काळवंडते. आणि काही खोक्यांवर बारीक अक्षरांत एक सूचना असते: सोनं, चांदी, ॲल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नये. पारा सोन्याला धरतो, सोनं फिकं करतो, हे सोनारांना माहीत आहे. तेव्हा लग्नघरातल्या मुलीला ती बजावते की बांगड्या उतरवून ठेव, मला तुझ्या सोन्याची काळजी आहे. कातडीबद्दल मात्र तिची काहीच सूचना नसते.

आणि ती एकटीच्या मालकीची राहत नाही. लावणाऱ्या बाईच्या हाताने ती टॉवेलला लागते, उशीच्या अभ्र्याला लागते, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या गालाला लागते. खोलीत तिची वाफ राहते. गरोदर बाईने लावली तर ती पोटातल्या बाळापर्यंत जाते. हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, विसर पडणं, हीदेखील पाऱ्याचीच कामं. घरातले म्हणतात, लग्न जवळ आलंय म्हणून चिडते. पारा चढलाय म्हणतात तेव्हा ते शब्दशः खरं असतं, हे कुणाला ठाऊक?

प्रत्येक बिनानावाच्या डबीत पारा असतोच असं नाही. कधी त्यात दुसरा पाहुणा असतो, स्टिरॉइड. आमच्याकडच्या दमट हवेत गजकर्ण, नायटा ही पावसाळ्याची ठरलेली देणगी. मेडिकलमधून खाजेचं मलम आणायचं, जांघेतला नायटा दबला की तेच तोंडाला लावून पाहायचं, हे पाड्यावरही चालतं आणि बिल्डिंगमध्येही चालतं. अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा मऊ, गोरा, डागविरहित होतो. मग कातडी इतकी पातळ होते की गालावर लाल शिरांची जाळी दिसते. मुरमं उठतात, गालांवर लव वाढते, उन्हात पाऊल टाकलं की चटका बसतो. थांबवायला जावं तर आणखी आग होते, लाली चढते. म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. दारूचं जसं, तसंच हे. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. या अवस्थेला डॉक्टरांनी नावच दिलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर नाव सांगून मलम मागण्याची आपली सवय मात्र तशीच आहे.

तिसरा पाहुणा हायड्रोक्विनोन. वांगांवर त्वचारोगतज्ज्ञ तो मोजून, मुदत ठरवून देतात आणि बंदही करतात. वर्षानुवर्षं आपल्याच मनाने लावत राहिलं तर गालांच्या हाडांवर निळसर काळे डाग उमटू शकतात. त्याला ओक्रोनॉसिस म्हणतात, आणि ते डाग सहजासहजी जात नाहीत. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. तिकडे गोरेपणाच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोनवर नंतर बंदी आली. गोरं होण्यासाठी लावलेल्या औषधाने काळे डाग पडावेत, याहून मोठी थट्टा डबीलाही सुचली नसती.

मग कायदा कुठे आहे? कायदा आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे पारा घालून क्रीम बनवता येत नाही. त्या नियमांत डोळ्यांच्या प्रसाधनांत ७० पीपीएमपर्यंत पाऱ्याला मुभा दिली होती, बाकी सगळ्यांत नकळत आलेला पारा एक पीपीएमपर्यंतच. पाऱ्याविरुद्धचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. त्या करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५ नंतर पारा घातलेलं कोणतंही प्रसाधन बनवायचं नाही, आणायचं नाही, पाठवायचं नाही. पण कायदा दारावरची पाटी वाचतो, आणि हिच्या दारावर पाटीच नाही. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आलाच तर शोकेस पाहील. ती ड्रॉवरमध्ये असेल.

आमच्या चिंचोटीच्या धबधब्याचं असंच आहे. वरून पाहिलं तर हिरवं, शांत पाणी. दर पावसाळ्यात मुंबईहून पोरं येतात, कुणीतरी बुडतं. मग बंदीचा आदेश निघतो, वाटेवर पोलीस उभे राहतात. पाणी खोल आहे असं सांगणारा तिथे निदान कुणीतरी असतो. डबीच्या झाकणावर असं सांगणारं कुणी नाही.

तिला घरात बोलावतं कोण, हेही लिहायला हवं, नाहीतर सगळा दोष त्या लिंबाएवढ्या प्लॅस्टिकवर जाईल. मुलीच्या बायोडाटात एक रकाना असतो, वर्ण. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, उजळ असे शब्द भरायचे. सावळा लिहिताना बापाचं पेन अडखळतं. त्याच कागदावर थोडं खाली रक्तगटाचा रकाना असतो. डबी वरचा रकाना सुधारते, आणि खालच्या रकान्यातल्या रक्तात उतरते. पाहुणे आले की कांदेपोह्यांच्या बशीमागे तिचा फरक बसलेला असतो. होकार आला की डबीला श्रेय मिळतं. पुढे सूज आली की ती सासरच्या खात्यावर जाते.

आमच्या शेजारचं जूचंद्र गाव रांगोळीसाठी नावाजलेलं आहे. तिथले कलाकार जमिनीवर माणसांचे हुबेहूब चेहरे काढतात. त्यांच्या वाट्यांकडे एकदा निरखून बघा. नुसत्या पांढऱ्या रांगोळीने चेहरा होत नाही. तपकिरी, गेरू, मातकट अशा कितीतरी छटा एकमेकींत मिसळल्या की गाल उमटतो, नाक उठून दिसतं. सगळं पांढरं केलं तर फक्त फरशी उरते.

परवा पुन्हा पार्लरमध्ये गेले होते. ताईचे पाय स्टुलावर होते, चपलेच्या पट्ट्यांचे वळ पावलांत खोल रुतलेले. मी अंगठ्याने नडगीवर दाबून बघायला सांगितलं. खड्डा पडला आणि पडूनच राहिला. लघवीला फेस येतो का, विचारलं. ती गप्प झाली. मग ड्रॉवर उघडून तिने डबी बाहेर काढली आणि कचऱ्याच्या बादलीकडे हात नेला. मी तो धरला.

वाचणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकालाही तेच सांगायचं आहे, कारण हल्ली पुरुषही गुपचूप लावतात. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, मुदत आणि घटकांची यादी नसेल तर ते क्रीम घेऊ नका. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल असेल तर ते विषच समजा. चेहरा, पाय सुजले, लघवीला फेस आला तर साधी लघवीची तपासणी करून घ्या. ती स्वस्त असते आणि कुठल्याही पॅथॉलॉजीत होते. आजाराचं कारण पारा असेल तर मूत्रपिंडं बहुतेकदा सावरतात, पण त्यासाठी क्रीम वेळेवर थांबायला हवं. आणि चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असाल तर एकदम मनाने न सोडता त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

एक मात्र विसरू नका. क्रीम लावणं बंद करा, पण डबी फेकू नका. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून ती डॉक्टरांकडे न्या. अकोल्याच्या घरात आजाराचं कारण सापडलं ते डबी तपासली म्हणूनच. अंगावर नाव-पत्ता नसलेली ही बाई प्रयोगशाळेत गेली की सगळं खरं सांगते.